नळीचा झोळ

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कारखाना चालवणाऱ्या देवस्थळी मॅडमनी ज्योत्स्ना खरातला केबिनमध्ये बोलावलं आणि ती खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं, "श्वासपेटीच्या चाचण्यांना किती दिवस लागतील?"

"एकशे आठ."

"माझ्याकडे एकवीस आहेत."

ज्योत्स्ना हसली नाही. मॅडम चेष्टा करत नसत, आणि त्या दिवशी तर त्यांचा चेहरा पार ओढलेला होता. गेल्या हिवाळ्यात सातपुड्याच्या पाड्यांवर तान्ह्या बाळांमध्ये छातीचा नवा आजार पसरला होता. एरवी धडधाकट असलेलं दोन महिन्यांचं बाळ चार दिवसांत धापा टाकायला लागायचं. नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचलेली बाळं बहुतेक वाचली. घाट उतरता उतरता जी गेली, त्यांची मोजदाद नीट झालीच नाही. २०४३चा हिवाळा त्याहून वाईट जाईल, असा जाणकारांचा अंदाज होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला डोंगरातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात एक श्वासपेटी हवी होती. एकूण चारशे. त्या बनवायलाच पाच आठवडे लागणार होते.

नाशिकजवळच्या अंबडमध्ये 'सह्यवात उपकरणे' हा कारखाना होता आणि ज्योत्स्ना त्याच्या चाचणी विभागाची प्रमुख होती. आयटीआय करून ती वयाच्या तेविसाव्या वर्षी इथं लागली, त्याला एकतीस वर्षं झाली. तिच्या विभागाला कारखान्यात सगळे 'छळघर' म्हणत. यंत्र तयार झालं की ते तिच्याकडे यायचं. मग तिची अकरा माणसं ते भट्टीसारख्या खोलीत तापवायची, बर्फात ठेवायची, धुळीत लोळवायची, हादरवायची, वीज कमीजास्त करून त्याला भंडावून सोडायची. त्यातून जे टिकेल तेच बाहेर जायचं. छळघरातून सुटलेलं एकही यंत्र आजवर परत आलं नव्हतं. हे ती कुणाला सांगत नसे. सांगायची गरजच पडत नसे.

"मॅडम, सत्तावीस रचना, बत्तीस परिस्थिती. आठशे चौसष्ट प्रयोग. एक प्रयोग सहा तासांचा. चाचणीची दोन्ही बाकं तिन्ही पाळ्यांत चालवली तरी दिवसाला आठच होतात. यात काटछाट कुठे करू?"

"ती तू करायची नाहीस. 'सार' नावाची नवी आज्ञावली करेल." मॅडम म्हणाल्या. "आणि ज्यानं 'सार' लिहिलंय तो उद्या येतोय. तू ओळखतेस त्याला. अन्वर पिंजारी."

ज्योत्स्नाला तो चांगलाच आठवत होता. सोळा वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांचा अन्वर तिच्या हाताखाली शिकाऊ म्हणून होता. हात हलका, डोकं तेज. आणि तिनंच त्याला काढून टाकलं होतं. एका पंख्याच्या चाचणीत त्यानं शेवटची तीन निरीक्षणं घेतलीच नव्हती, अंदाजानं आकडे लिहून टाकले होते. तिनं स्वतः चाचणी पुन्हा लावली, तर तिन्ही आकडे दशांशापर्यंत बरोबर निघाले. तो म्हणाला होता, "बघा ताई, बरोबर आहेत ना?" आणि ती म्हणाली होती, "बरोबर आले म्हणून ते घेतलेले होत नाहीत." त्या संध्याकाळी तो गेला तो गेलाच. पुढे शिकला, डॉक्टरेट मिळवली, हे तिला इतरांकडून कळलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी छळघराच्या दारात उभा राहिलेला अन्वर पस्तिशीचा होता, कानशिलं पिकायला लागली होती. आत येण्याआधी त्यानं चपला काढल्या. ही तिचीच शिस्त होती, बाहेरची धूळ आत यायला नको म्हणून.

"कशा आहात, ताई?"

"बरी आहे. तुझं यंत्र कुठंय?"

"यंत्र नाही, नुसती आज्ञावली आहे. आणि तुमच्या बाकांशिवाय ती आंधळी आहे."

छळघरातली सगळी माणसं जमली होती. लक्ष्मण बेंडकोळी, सगळ्यांत जुना, हाताची घडी घालून मागे उभा होता. अन्वरनं फळ्यावर काही लिहिलं नाही. बाकाच्या कडेला टेकून तो बोलायला लागला.

"दिवाळीत चकलीची भाजणी करतात ना? एखाद्या घरची भाजणी अशी असते, की तेल जरा जास्त तापू दे, पीठ नव्या सुनेला मळू दे, चकली खुसखुशीतच होते. दुसऱ्या घरची जरा काही बिघडलं की लगेच मऊ पडते. तेलाचा ताव आपल्या हातात पूर्ण नसतो, पण भाजणीचं प्रमाण असतं. ते असं निवडायचं, की हातात नसलेल्या गोष्टींनी फरक पडू नये. कणखर रचना म्हणजे एवढंच."

श्वासपेटीत हातातल्या गोष्टी आठ होत्या. नळीची रुंदी, नळीची लांबी, हवेचा वेग, हवा ओलसर करणारी पाण्याची कुपी कुठं बसवायची, वगैरे. प्रत्येकीचे तीन पर्याय. सगळ्या जोड्या तपासायच्या तर साडेसहा हजारांवर रचना होतात. त्यातून नेमक्या सत्तावीस निवडण्याची कोष्टकं जुनीच होती, ज्योत्स्ना ती पाठ म्हणून दाखवायची. हातात नसलेल्या गोष्टी सहा होत्या: वीज, तापमान, दमटपणा, उंची, धूळ, पेटीचा कल. त्यांच्या बत्तीस परिस्थिती. सत्ताविसाला बत्तिसानं गुणलं की आठशे चौसष्ट.

"'सार' दोन गोष्टी करतं," अन्वर म्हणाला. "पहिली म्हणजे हातात नसलेल्या या सगळ्या उपद्रवांच्या दोनच मोळ्या बांधतं. ज्यांनी पेटीतला हवेचा दाब कमी होतो ते सगळे एका मोळीत. ज्यांनी वाढतो ते दुसरीत. दोन्ही टोकांना पेटी टिकली, तर मधल्या तीस परिस्थितींत टिकणारच. बत्तिसाच्या जागी दोन."

"आणि सत्ताविसाच्या जागी?" लक्ष्मणनं विचारलं.

"सतरा. मूळची एक, आणि आठ गोष्टींचे दोन-दोन नवे पर्याय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फायदा झाला तर ठेवायची, नाहीतर मागे. मग पुढची. बदलताना बाकावरचे दोनशे संवेदक 'सार' ऐकत असतं, आणि आता कशाला हात लावावा ते सांगतं. सतरा दुणे चौतीस."

कुणीतरी हसलं. एका वेळी एक गोष्ट बदलणं म्हणजे अडाणी मेकॅनिकची पद्धत, असं सगळ्या पुस्तकांत होतं.

"हो, कॉलेजात मलाही हसले होते," अन्वर म्हणाला. "एक स्क्रू फिरवायचा, कान द्यायचा, बरं वाटलं तर तसाच ठेवायचा. ही पद्धत मी याच खोलीत बघितली. ज्योत्स्नाताईंच्या हाताची. प्राध्यापक म्हणाले, हे शास्त्र नाही. मी सहा वर्षं घालवली आणि जुन्या शंभर यंत्रांच्या नोंदींवर ताडून बघितलं. बाक स्वच्छ असेल, निरीक्षणं पक्की असतील, तर या पद्धतीनं सुधारणेचा बहुतेक सगळा वाटा हाती लागतो. थोडक्या प्रयोगांत. बाक गचाळ असेल तर मात्र नाही. म्हणून मी इथं आलो."

ज्योत्स्नानं खाली बघितलं आणि बाकावरची एक वायर उगीचच सरळ केली. तिला काय वाटलं ते तिचं तिलाच धड कळलं नाही.

*

नवा नियम असा होता, की थोडक्या प्रयोगांवर यंत्र पास करायचं असेल तर उपद्रवांच्या यादीवर एका जबाबदार माणसाची सही हवी. यादीत काही राहून गेलं, तर जबाबदारी त्या माणसाची. अन्वरनं कागद तिच्यापुढे ठेवला. सहा ओळी.

"ही कुणी केली?"

"मानकांतून घेतली आहे."

"म्हणजे खुर्चीत बसून," ती म्हणाली. "मला ती जागा बघायचीय."

"ताई, एकविसातले दोन दिवस जातील."

"तू चौतीसच प्रयोग करणार आहेस ना? मग आहेत की दिवस."

बिलपाडा धडगावच्याही पुढे होतं, डोंगराच्या कुशीत. शेवटचे बारा किलोमीटर जीप दगडांवरून उड्या मारत गेली. आरोग्य केंद्र म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या, पण लख्ख सारवलेलं अंगण आणि दाराशी झेंडूची रोपं. सिस्टर यमुना पावरा बारा वर्षं तिथं होती. गेल्या हिवाळ्यात एका संस्थेनं दिलेली, परदेशी बनावटीची एक श्वासपेटी तिनं वापरली होती. ती तिनं कपाटातून काढून दाखवली.

बनावट साधी होती. एका नळीतून ओलसर, कोमट हवा बाळाच्या नाकाशी येते. दुसऱ्या नळीतून ती बाहेर जाते. या दुसऱ्या नळीचं टोक पाच सेंटीमीटर पाण्यात बुडवलेलं असतं. हवेला त्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडावं लागतं, म्हणून नळीत थोडा दाब राहतो आणि बाळाची इवली फुप्फुसं मिटत नाहीत. दाब पाच हवा. तीनवर आला तर उपयोग नाही, आठवर गेला तर इजा.

"ही बाळाच्या पाळण्याशेजारी ठेवत होता?" ज्योत्स्नानं विचारलं.

यमुना हसली. "पाळणा आहे. त्यात बाळ कोण ठेवतंय? आई मांडीवर घेऊन बसते. रात्रंदिवस. मी ओरडले तरी सोडत नाही. आणि मी तरी का ओरडू? मांडीवर बाळ शांत असतं."

"दाखवा."

यमुनानं एका बाईला बोलावलं. ती आपलं खोकला झालेलं बाळ दाखवायला आली होती. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली आणि बाळ मांडीवर घेतलं. पेटी टेबलावर होती. दोन्ही नळ्या टेबलावरून खाली आल्या, जमिनीला टेकल्या आणि पुन्हा वर मांडीपर्यंत गेल्या. मधोमध मोठा झोळ पडला.

"पहाटे इथं किती थंडी असते?"

"डिसेंबरात पाणी गोठतं कधीकधी."

कोमट ओली हवा थंड नळीतून गेली, की नळीत पाणी जमणार आणि ते झोळात साचणार. ज्योत्स्नानं वहीत लिहिलं: झोळ. त्याखाली आणखी तीन ओळी: लसींचा फ्रीज सुरू होताना विजेला बसणारा हिसका, पहाटेच्या शेगडीची राख, ओढ्याचं क्षाराचं पाणी. अन्वर तिच्या खांद्यावरून वाचत होता. जीपमध्ये बसताना त्यानं मानकांतली यादी घडी घालून खिशात टाकली.

निघताना यमुनानं सहज सांगितलं, "थंडीत या पेटीचा आकडा सात-साडेसात दाखवायचा, बाळ मांडीवर घेतलं की. मी नळी झटकायचे."

*

आता यादी दहा ओळींची झाली होती. प्रत्येक उपद्रव कुठल्या मोळीत टाकायचा ते 'सार'ला सांगावं लागायचं. झोळाचं बाकावर पटकन बघून घेतलं: बाळाकडे येणारी नळी लोंबवली, थंड केली, पाणी साचू दिलं. दाब पाचावरून चारवर आला. म्हणजे कमी करणारी मोळी. तसं नोंदवलं आणि प्रयोग सुरू झाले.

ते पाच दिवस छळघरात कधी नव्हे इतकी शांतता होती. एका बाकावर एक मोळी, दुसऱ्यावर दुसरी. सहा तासांनी 'सार' सांगायचं, आता हवेचा वेग एक पायरी कमी करा. लक्ष्मण करायचा. पुन्हा सहा तास. प्रत्येक पावलाला पेटी जराशी अधिक स्थिर होत होती. चौतिसाव्या प्रयोगानंतर पडद्यावर दाब होता: एका टोकाला चार पूर्णांक आठ, दुसऱ्या टोकाला पाच पूर्णांक दोन.

देवस्थळी मॅडम स्वतः पेढे घेऊन खाली आल्या. अन्वरच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं सहीचा कागद ज्योत्स्नापुढे ठेवला.

ती पेन हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"आपल्या बाकावर झोळानं दाब कमी होतो," ज्योत्स्ना सावकाश म्हणाली. "बिलपाड्यात तो वाढत होता. यमुना सिस्टर म्हणाल्या होत्या, सात-साडेसात."

"ती पेटी वेगळी होती, ताई," अन्वर म्हणाला.

"पाणी तेच. थंडी तीच. मी सही करणार नाही."

मॅडम पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून गेल्या. त्यांची पाठ वळताच अन्वरचा आवाज चढला. "सोळा वर्षं झाली! या वेळी मी एकही निरीक्षण गाळलेलं नाही. प्रत्येक आकडा तुमच्या बाकावर, तुमच्या माणसांनी घेतलाय. तरी तुमचा विश्वास नाही. का, ते मला कळतं. चौतिसांत काम झालं, तर अकरा माणसं कशाला हवीत? तुम्हाला ही खोली वाचवायचीय."

लक्ष्मण तिथंच होता. त्यानं मान खाली घातली. दोनच दिवसांपूर्वी चहाच्या वेळी त्यानं तिला विचारलं होतं, "ताई, तुम्ही चौतिसावर सही केलीत तर आमचं काय?" 

ज्योत्स्ना जिन्यावर जाऊन बसली. अन्वर म्हणतो ते खरं आहे का, असं तिनं स्वतःलाच विचारलं. प्रामाणिकपणे विचारलं, आणि उत्तर ठामपणे 'नाही' असं आलं नाही. ही खोली तिला हवी होती. लक्ष्मणच्या घरी कोण कोण आहे ते तिला माहीत होतं. सही अडवून ठेवली तर त्यात तिचा फायदा होता, हे खोटं नव्हतं. पण सात-साडेसात हा आकडाही खोटा नव्हता. तो तिनं तयार केलेला नव्हता. तो एका बाईनं बारा हिवाळे तिथं काढून, डोळ्यांनी बघून सांगितला होता.

ती परत आत आली. अन्वर तसाच उभा होता.

"खोली मला वाचवायचीय, हे खरंय," ती म्हणाली. "म्हणून मी आठशे चौसष्ट मागत नाही. फक्त चार मागते. झोळ मोळीतून सोडव. तो एकटा तपासू. आधी येणाऱ्या नळीला, मग जाणाऱ्या नळीला. दोन्ही मोळ्यांबरोबर. चारांत माझं चुकलं असं निघालं, तर मी इथंच सही करते आणि खोलीची किल्ली तुला देते."

 एकदम अन्वरच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि त्या जागी भीती आली. "जाणाऱ्या नळीला," तो पुटपुटला. "जाणारी आपण लोंबवलीच नाही."

*

चौथा प्रयोग संपेपर्यंत दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली होती. येणाऱ्या नळीत पाणी साचलं की हवा बाळापर्यंत कमी पोचायची आणि दाब उतरायचा. जाणाऱ्या नळीत साचलं की हवेला बाहेर पडायला अडथळा व्हायचा आणि दाब चढायचा. झोळाला एक दिशा नव्हतीच, दोन होत्या. आणि 'सार'नं निवडलेल्या रचनेत, दाब चढवणाऱ्या मोळीबरोबर जाणाऱ्या नळीचा झोळ आला, की आकडा जात होता साडेआठवर.

"आपण एकच चोर धरला होता, दुसरा मोकळाच होता," लक्ष्मण म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो आपणहून बोलला होता.

अन्वर स्टुलावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. "मी सही केली असती," तो म्हणाला. "ताई, मी अगदी आनंदानं केली असती."

"मीही केली असती," ज्योत्स्ना म्हणाली, "यमुना सिस्टर शेवटी बोलल्या नसत्या तर." तिनं त्याच्यापुढे चहा ठेवला. "रडायला नंतर बस. दाब साडेआठवर जातोय. हातातल्या आठ गोष्टींतल्या कुठल्या झोळाशी भांडू शकतील?"

तिघंही बसले. त्यात 'सार' चौथं. आठांपैकी तीनच गोष्टींचा झोळाशी संबंध होता: नळीची रुंदी, नळीची लांबी आणि पाण्याच्या कुपीची जागा. प्रत्येकीचे न निवडलेले दोन पर्याय होते, म्हणजे सहा बदल. प्रत्येक बदल दोन्ही प्रकारच्या झोळांसह. बारा प्रयोग. दीड दिवस.

हवा ओलसर करणारी कुपी पेटीत बसवणं सगळ्यांत सोपं, म्हणून आजवर प्रत्येक कारखान्यानं ती तिथंच बसवली होती. ती बाळाजवळच्या टोकाला नेली तर जोडकाम वाढतं, म्हणून तो पर्याय आकड्यांत थोडा मागे पडला होता. झोळाचा प्रश्न विचारल्यावर मात्र तोच सगळ्यांच्या पुढे गेला. कुपी बाळाजवळ, म्हणून येणारी नळी पूर्ण कोरडी. त्यात साचायला पाणीच नाही. आणि जाणारी नळी एक पायरी रुंद आणि वीतभर आखूड केली, की तिच्यात साचलेलं पाणी तळाशी पडून राहायचं आणि वरून हवा बिनबोभाट जायची. झोळ पडायचाच. आईनं बाळ मांडीवर घ्यायचंच. पेटीला त्याचं काही वाटत नव्हतं.

शेवटचा आकडा लक्ष्मणनं मोठ्यानं वाचला. "चार पूर्णांक सात ते पाच पूर्णांक तीन. सगळं धरून."

चौतीस, चार आणि बारा. पन्नास प्रयोग झाले होते. एकविसातले पाच दिवस अजून शिल्लक होते.

ज्योत्स्नानं सही केली. मग कागद फिरवून अन्वरपुढे ठेवला. "तूही कर. यादीत शेवटची ओळ तुझी आहे. 'झोळ, जाणारी नळी.' ती आपण लोंबवलीच नाही, हे तुझ्या तोंडून आलं."

त्यानं केली. मॅडमचे पेढे तीन दिवसांचे झाले होते, तरी सगळ्यांनी खाल्ले.

*

चारशे पेट्या ऑक्टोबरच्या शेवटी डोंगरात पोचल्या. आजार आला तो नोव्हेंबरच्या मध्यावर, आणि अंदाजापेक्षा जोरात आला.

त्या हिवाळ्यात छळघरही बदललं. एवढ्या थोड्या प्रयोगांना तीन माणसं पुरत होती. उरलेल्यांसाठी ज्योत्स्नानं मॅडमपुढे एक मागणी ठेवली आणि ती मान्य होईपर्यंत केबिनमधून उठली नाही. यंत्र जिथं वापरलं जाणार तिथं जाऊन, राहून, उपद्रवांची यादी करायची हे स्वतंत्र काम ठरलं. ते करायला बाकावर हात काळे झालेलीच माणसं हवीत, कारण काय बिघडू शकतं ते त्यांनाच आधी दिसतं. सात जण ते काम शिकले. कुणी चंद्रपूरच्या खाणीत गेलं, कुणी रत्नागिरीच्या बंदरावर. लक्ष्मणला मात्र गाव सोडून फिरणं जमणार नव्हतं. त्यानं राजीनामा दिला आणि त्र्यंबकला स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. निरोपाच्या वेळी तो तिच्याशी नीट बोलला, पण पूर्वीसारखा नाही. ज्योत्स्नाला ते लागलं. तिनं ते लपवलंही नाही.

जानेवारीत यमुनाचा फोन आला. "ताई, एकदा येऊन जा. काही बिघडलेलं नाही. नुसत्या या."

ज्योत्स्ना आणि अन्वर सकाळी दहाच्या सुमाराला बिलपाड्याला पोचले. ऊन नुकतंच अंगणात उतरलं होतं. यमुनानं वही उघडून दाखवली. दोन महिन्यांत एकतीस बाळं पेटीवर होती. तीन खाली मोठ्या दवाखान्यात पाठवावी लागली, ती पोचली आणि बरी झाली. बाकीची इथूनच घरी गेली.

"एकतीसच्या एकतीस?" अन्वरनं विचारलं. 

"एकतीसच्या एकतीस. आता बत्तिसावं चाललंय. ते बघा."

अंगणात एक तरुण आई बाळाला खांद्यावर टाकून उन्हात येरझाऱ्या घालत होती. बॅटरीवर चालणारी श्वासपेटी तिनं लुगड्याच्या पट्ट्यानं पाठीला बांधली होती. नळ्या तिच्या काखेखालून पुढे येऊन चालताना हिंदकळत होत्या.

अन्वर पांढरा पडला. "चालतेय ती. पेटी घेऊन चालणं यादीत नाही. हे आपण कधी तपासलंच नाही!"

"दोन दिवस अशीच फिरतेय," यमुना म्हणाली. "म्हणते, आत अंधारात पोरगी कुरकुरते."

ज्योत्स्ना त्या आईच्या मागे गेली आणि पेटीवरचा आकडा बघितला. पाच पूर्णांक एक. आई वळली, चार पावलं परत आली. चार पूर्णांक नऊ. ती ओट्याची पायरी चढली, उतरली. पाच.

"कशी टिकली?" अन्वर तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"माहीत असलेल्या अकरा गोष्टींशी नीट लढायला शिकली," ज्योत्स्ना म्हणाली, "तेव्हा माहीत नसलेल्या एकदोन गोष्टींनाही तोंड देते. सगळ्यांना देईल असं नाही. ही ओळ वहीत घे. पुढच्या वेळी तपासू."

त्यानं वही काढली. लिहिता लिहिता तो हसत होता.

तरुण आई थांबून त्यांच्याकडे बघत होती. तिनं पावरी बोलीत यमुनाला काहीतरी विचारलं. यमुनानं ज्योत्स्नाकडे बोट दाखवून उत्तर दिलं.

"काय विचारते?"

"ही पेटी कुणी केली म्हणून. मी म्हटलं, ह्यांनी."

ज्योत्स्ना नाही म्हणायला निघाली होती. पेटी आरेखन विभागानं केली, आज्ञावली अन्वरनं, झोळ सिस्टरनं दाखवला. पण आई तिच्यापुढे येऊन उभी राहिली होती आणि नळ्या सांभाळत तिनं आपली पोरगी ज्योत्स्नाच्या हातात दिली.

पोरगी उबदार होती आणि वाटली होती त्यापेक्षा जड. नाकाखालच्या मऊ पट्टीतून हवेचा बारीक आवाज येत होता. ज्योत्स्नाला लहान बाळ घ्यायची सवय नव्हती. तिनं कोपर नीट वाकवलं, मान सावरली, आणि मग तिची नजर त्या इवल्या छातीवर गेली. छाती वर येत होती, खाली जात होती. तिनं मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि एक मिनिट मोजलं.

"बेचाळीस," ती यमुनाला म्हणाली.

"उत्तम आहे," यमुना म्हणाली.

ज्योत्स्नानं पुन्हा एक मिनिट मोजलं. आकडा तोच आला. तरी तिनं पोरगी लगेच परत दिली नाही.